पहिल्या तारखेचे आप्पा

वाचक हो, तुमचा जो काही पैसा आज दुसऱ्याच्या हाती आहे, पोस्टात, पेढीवर, मिलच्या ठेवीत किंवा मेहुण्याकडे, तो उद्या सकाळी जाऊन परत मागायची तुम्हाला लाज वाटेल का?

खरे सांगा. इथे कोणी बघत नाही.

लाज वाटेल असे तुमचे उत्तर असेल तर मी तुम्हाला हसणार नाही. साऱ्या सोलापुरात ही लाज नसलेला एकच माणूस मी पाहिला, आणि त्याला आम्ही विक्षिप्त म्हणत होतो. तोंडावर म्हणत होतो. त्याचे त्याला काही वाटत नसे.

ते माझे घरमालक. मूळचे अक्कलकोटकडचे, पोस्टातून कारकून म्हणून पेन्शनीत निघालेले. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही, दोन खोल्यांचे धाब्याचे घर, त्यातली एक भाड्याने दिलेली. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणे. मीही इथे तेवढेच म्हणणार आहे. त्यांचे पूर्ण नाव घेण्याचा हक्क मी कसा घालवला ते पुढे येईल.

मी मोहोळहून सोलापुरात आलो तो एका छापखान्यात खिळे जुळवायला. वय वीस. शाळा थोडी झालेली, पण हाती पडेल ते पत्रक वाचून जगाचे सगळे दुखणे कळले आहे अशी खात्री. आप्पांनी मला खोली दाखवली, दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेतले, बंद गळ्याच्या कोटाच्या आतल्या खिशात टाकले आणि वरून सेफ्टी पिन लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तर हे समोर उभे.

"माग."

"काय मागू?"

"अनामत. परत माग."

"पण मी खोली सोडत नाही, आप्पा."

"सोड म्हणून कोण म्हणालं? माग की. देतो का न्हाई ते बघ."

तोंडात राखुंडी तशीच धरून मी अनामत मागितली. आप्पांनी पिन काढली, पैसे माझ्या ओल्या हातावर ठेवले. "मोज." मी मोजले. "आता दे परत." मी दिले. पिन पुन्हा लागली.

"आता राहा हितं निवांत. आता मी तुला ठाऊक झालो."

असा तो माणूस. छत्री उसनी दिली तर दुसऱ्या दिवशी परत मागायला येई, बाहेर पाऊस असला तरी. परत मिळाली की तिथल्या तिथे पुन्हा देई. "ठेव तुझ्याकडं. पाऊस हाय." ज्यांनी छत्री हसत परत दिली त्यांच्याशी त्यांचे आयुष्यभर जमले. ज्यांनी कपाळाला आठ्या घातल्या त्यांना छत्री देणे बंद झाले नाही, पण त्यांच्याकडे दुसरे काही ठेवायचे नाही हे आप्पांनी मनाशी ठरवून टाकले.

पोस्टासमोर कडुलिंबाखाली एक घडीव दगड पडलेला होता. पेन्शनीनंतर आप्पांची कचेरी ती. बाजाराच्या दिवशी तिथे माणसे येत आणि सगळी एकच विचारीत: गाठीला चार पैसे आहेत, कुठे ठेवू? सोने घेऊ का, जनावर घेऊ, पोस्टात टाकू, का भिशी लावू? आप्पा सरळ उत्तर कधीच देत नसत. उलट तीन गोष्टी विचारीत. कशाला पाहिजे? कधी पाहिजे? आणि त्या दिवशी मिळाला नाही तर घरात काय अडेल? या तिसऱ्या प्रश्नाला माणूस थांबे. तो विचार त्याने आधी केलेला नसे.

भिशीविषयी विचारणाऱ्याला ते म्हणत, "भिशी पैशावर चालत न्हाई, शेवटचा नंबर लागंल त्याच्या सबुरीवर चालती. तुला शेवटचा नंबर चालंल का? मग घाल."

एकदा सांगोल्याकडचा एक धनगर घोंगडी सावरत दगडापाशी उकिडवा बसला. मेंढरे विकून आलेला.

"आप्पा, पोस्टातला रुपाया व्यातो का वो?"

"व्यातो की. वर्साला एकदा. पन लई बारकं कोकरू देतो."

"मंग मेंढरंच बरी."

"बरीच हायत. पन अवंदा पाऊस दडी मारून बसला तर रुपायाला चारा लागत न्हाई. मेंढराला?"

धनगर बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत राहिला. "निम्मं निम्मं करू म्हंतो."

"तुझं मेंढरू, तुझा रुपाया. मी कोण सांगनार? पन जे निम्मं हितं ठेवशील ते अधनंमधनं येऊन मागून बघत जा."

"मागून? आन् काय करू घिऊन?"

"काय न्हाई. हातात घे, बघ, परत ठेव."

धनगर इतका हसला की त्याचे पागोटे सुटले. पण पुढच्या बाजाराला त्याने तसे केले, हे मी स्वतः पाहिले.

एका मास्तरांना बायकोसाठी पाटल्या करायच्या होत्या. अडीनडीला सोने उपयोगी पडते, असे त्यांचे म्हणणे. आप्पा वाद घालीत बसले नाहीत. त्यांनी सोनाराकडे जाऊन सकाळी सोन्याचा एक मणी विकत घेतला आणि दुपारी त्याच सोनाराकडे तोच मणी विकायला नेला. घट, मजुरी, कस, असे करता करता सोनाराने जो भाव सांगितला तो ऐकून मास्तरांचे तोंड उतरले. सोनार चिडून म्हणाला, "आप्पा, तुम्ही मणी घ्यायला आला होता का माझी अब्रू घ्यायला?" आप्पा म्हणाले, "तुमची काय चूक? तुमचा धंदा हाय. ह्यांना घालायच्या असतील तर खुशाल घालू देत की. फक्त अडीनडीला हातात किती येईल तेवढं आधी कळू दे." मास्तरांनी पाटल्या केल्याच, पण एक जोड कमी केला.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आप्पा मेणकापडात गुंडाळलेले पासबुक घेऊन पोस्टाच्या खिडकीशी जात आणि आपली रक्कम काढीत. घरी आणीत. देवासमोर ठेवीत. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा भरीत. व्याज कोणत्या तारखेपासून धरतात हे त्यांना पाठ होते, त्यामुळे पैचे नुकसान होत नसे. खिडकीतला त्यांचाच जुना सोबती करवादे, "आप्पा, पोस्ट काय पळून चाललंय का?" आप्पा म्हणत, "न्हाई. पन मला मागायची सवय सुटंल."

या सवयीचे मूळ मला त्यांनी एकदाच सांगितले. त्यांच्या वडिलांनी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून आलेली रक्कम एका मित्राकडे ठेवली होती. जिवाभावाचा मित्र. पुढे आप्पांची धाकटी बहीण आजारी पडली. तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. वडील पैसे मागायला मित्राच्या घरी गेले. तिथे पाहुणे आलेले होते. वडिलांनी पानसुपारी खाल्ली, पावसापाण्याचे बोलले आणि तसेच परत आले. चार दिवसांनी पुन्हा गेले. त्या दिवशी मित्राचा कुणाशी तरी वाद चालला होता. पुन्हा परतले.

"तो मनुष्य वाईट नव्हता रे," आप्पा म्हणाले. "मागितलं असतं तर दिलं असतं त्यानं. आमच्या बापाला भीड पडली. माझी बहीण तापानं न्हाई गेली. भिडेनं गेली. होगली बिडु."

'होगली बिडु' म्हणजे कानडीत 'जाऊ दे, सोड'. आप्पा हे शब्द फार वेळा बोलत. सोडत मात्र काही नसत.

आता नरसम्मा. ती आमच्या मागच्या गल्लीत राहत होती. तेलुगू विणकराची बायको. नवरा एका कारखानदाराच्या घरी मजुरीने विणायला जाई. छाती नाजूक, दमट खोलीत दिवसभर बसून खोकणारा. नरसम्मा विड्या वळे. तिला एकच गोष्ट हवी होती: स्वतःचा हातमाग. म्हणजे नवरा आपल्या घरी, उजेडात, खोकला आला की थांबून विणू शकेल. वर्षानुवर्षे विड्यांच्या कमाईतून ती त्यासाठी पोस्टात ठेवीत होती. पासबुकावर अंगठा तिचा, अर्ज भरणारे आप्पा. खालच्या आळीतल्या सुताराकडे बेतलेला मागाचा एक सांगाडा होता. येता-जाता ती त्याच्या लाकडावर हात फिरवी.

"आप्पा, किती महिने अजून?"

"ह्या न्हाई, त्याच्या पुढच्या दसऱ्यापर्यंत."

"मग मी खड्डा करून ठेवते."

आणि तिने खरेच ठेवला. असा हातमाग जमिनीत खड्डा करून बसवतात, विणणारा त्यात पाय सोडून बसतो. नरसम्माने आपल्या एकुलत्या एक खोलीच्या मधोमध हातमाग येण्याआधीच तो खड्डा खणला, चारही बाजू लिंपून घेतल्या आणि वर फळी टाकली. रात्री त्या फळीवर पोरे झोपत.

याच सुमारास शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी एक स्वदेशी पेढी काढली. तिचे नाव इथे घेत नाही, त्यातली माणसे आपलीच होती. व्याज पोस्टाच्या दुपटीहून जास्त. मला तर रान मोकळे मिळाले. परक्या सरकारच्या पोस्टात गरिबांनी पैसा का ठेवावा? मी एक पत्रक लिहिले, स्वतः जुळवले, पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर स्वतः छापले. 'परक्याच्या तिजोरीत टाकलेला प्रत्येक रुपया काठी होऊन आपल्याच पाठीवर परत येतो!' हे त्यातले वाक्य. त्याच्या खालीच दुसरे होते: 'सरकारी खिडकीसमोर ठाण मांडून काही पेन्शनर भोळ्या जनतेला परक्यांच्या दारी लोटीत आहेत.'

आप्पांनी ते दगडावर बसून वाचले. संध्याकाळी मला म्हणाले, "हे माझ्याबद्दलच हाय न्हवं?"

मी ताठ मानेने म्हणालो, "तत्त्वाचा प्रश्न आहे, आप्पा."

"तत्त्व असू दे. पन 'काही पेन्शनर' कशाला लिहिलंस? मी एकटाच बसतो की तितं."

रागावले नाहीत. उलट म्हणाले, "मागून बघितल्याबिगर मी कुठल्या पेढीला वाईट म्हणनार न्हाई." दुसऱ्याच दिवशी आपल्या रकमेतला निम्मा भाग घेऊन ते पेढीवर गेले. मी बरोबर होतो. व्यवस्थापकांना त्यांनी विचारले, "आमच्याकडनं घेतलेला पैसा तुमी पुढं कुणाला देता?"

"सुताच्या व्यापाऱ्यांना. सोलापुरात त्याहून पक्का धंदा कोणता, आप्पा?"

"आनि तुमच्याकडं ठेवायला येनारं कोन?"

"विणकर, विडीवाल्या, मिलचे कामगार. आपलीच गरीब माणसं."

आप्पा म्हणाले, "म्हंजे ज्या दिवशी कापड खपनार न्हाई, त्या दिवशी मागनारे सगळे दारात येतील आनि देनारा एकबी येनार न्हाई."

व्यवस्थापक हसले. मीही हसलो. आप्पांनी पैसे ठेवले.

त्यानंतर पहिल्या तारखेला ते दोन खिडक्यांशी जाऊ लागले. पेढीचा कारकून त्यांना पाहताच कपाळावर हात मारी. पण पैसे देई. वर्षभर दर महिन्याला दिले. गंमत अशी की याचीच पेढीला जाहिरात झाली. 'आप्पा दर महिन्याला मागतात, दर महिन्याला मिळतात!' मी तर हे नरसम्माला जाऊन सांगितले. आप्पा तिला म्हणाले होते, "तुझा पैसा दसऱ्याला पाहिजे. दसऱ्याला न्हाई मिळाला तर तुझं काय अडंल ते मला ठाऊक हाय. हितंच असू दे." पण मी अर्ज लिहून दिला. तिचा अंगठा मी शाईत बुडवून घेतला. पोस्टातली तिची सगळी रक्कम मी पेढीत नेऊन ठेवली. दुप्पट व्याज, दसऱ्याआधी हातमाग, शिवाय देशाचे काम! मला वाटले, मी तिला काहीतरी देतो आहे.

मग एका पहिल्या तारखेला आप्पा भर दुपारी छापखान्यात आले. तिथे ते कधी येत नसत. कोटाची पिन उघडी होती.

"चार तारखेला या म्हनाले."

"कोण?"

"पेढीवाले. आज न्हाई, चार तारखेला या."

मला हसू आले. "आप्पा, तीन दिवस! त्यांचाही काही धंदा आहे."

"धंदा हाय म्हनूनच सांगतो. बाजारात कापडाच्या गाठी न खपता पडून हायत, तू बघतोस न्हवं? तू एक पत्रक छाप. माझं नाव घालून छाप. ज्याचा पैसा हाय त्यानं एकदा जाऊन मागून बघावं, एवढंच."

"आणि सगळे एकदम गेले तर? चांगली पेढी सुद्धा बसेल! स्वदेशी संस्था आपल्याच हाताने मारू?"

"म्हनून तर पहिल्यापास्नं थोडं थोडं मागायचं असतंय. नाडी रोज बघायची असती. पन ते आता ऱ्हायलं. आता ज्याला कळलंय त्यानं सांगायचं. माझे पाय आपल्या दोन गल्ल्यांतच फिरतील रे. तुझा कागद गावभर फिरतो."

मी नाही म्हणालो. वर एक भाषणही दिले. शत्रूला काय आनंद होईल, चळवळीचे काय होईल, असे सगळे. हातात खिळ्यांची पट्टी होती, ती मी खालीही ठेवली नाही. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि गेले.

चार तारखेला पेढीने आप्पांची रक्कम दिली. पूर्ण, व्याजासकट. ती घेऊन ते तिथून थेट दारोदार निघाले. पहिले दार आमच्या समोरच्या जॉबरचे, म्हणजे मिलमधल्या मुकादमाचे. आवाज मला ऐकू येत होता.

"पैसा काढून घ्या. पेढीनं मला तीन दिवस थांबवलं."

"पन मिळाला न्हवं तुमाला?"

"मिळाला."

"मंग? मिळाला की! तुमीच म्हंता, मागून बघा. तुमी बघितलं, मिळालं. आमी आनि कशाला बघायचं?"

"उशिरा मिळाला, बाबा."

"आप्पा, आमचा पगार हप्त्यानं उशिरा मिळतोय, तवा काय मिल सोडायची?"

आत बसलेल्या बायका हसल्या. दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारी तेच. वर्षभर आप्पांच्या खिशात पडलेला पैसा आप्पांच्याच तोंडचा शब्द खोटा पाडीत होता. दोन दिवस ते असे फिरले. तिसऱ्या दिवशी पाय सुजले.

नरसम्माला त्यांनी सांगितले तेव्हा ती घाबरली. पण पेढीच्या एका संचालकाच्या घरी तिला हळदीकुंकवाला बोलावले होते, नारळ दिला होता, खण दिला होता. त्यांच्याकडे पैसा परत मागायचा म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवायचा, असे तिला वाटे. ती माझ्याकडे आली. पदरात पेढीचे पासबुक होते.

"दादा, आप्पा म्हंते काढ. मी जाऊ का? त्यांना वाईट वाटेल का वो?"

वाचक हो, मला एवढेच म्हणायचे होते: चल, मी येतो बरोबर. पेढी छापखान्यापासून हाकेच्या अंतरावर होती.

मी म्हणालो, "तुझ्यासारख्या दहाजणी घाबरून गेल्या तर पेढी बुडेल, नरसम्मा. आणि तुझ्यामुळे बुडाली असे होईल. थांब. दसऱ्याला मी स्वतः काढून देतो."

ती थांबली. माझा शब्द होता, छापलेला शब्द लिहिणाऱ्याचा.

दसऱ्याच्या आत पेढीच्या दारावर कागद चिकटला. त्यात व्यवहार तात्पुरते बंद असल्याचे लिहिले होते. चोरी कोणी केली नव्हती. कापडाचा बाजार पडला, सुताचे व्यापारी बसले, पेढी बसली. मिलमध्ये पाळ्या कमी झाल्या आणि ज्या दिवशी लोकांना पैसा लागला त्याच दिवशी तो नव्हता. आप्पा व्यवस्थापकांना म्हणाले होते तसेच, शब्दाला शब्द.

देवळाच्या आवारात ठेवीदारांची सभा भरली. आप्पा काठी टेकत आले आणि मागे उभे राहिले. दूरच्या पेठेतला एक कामगार त्यांना पाहून उसळला. "ह्याला आधी कळलं व्हतं! सोताचं काढून घेतलं! आमाला का न्हाई सांगितलं?"

"आमच्या पेठेत कुठं आला?" आणखी चारजण ओरडले.

आमच्या गल्लीतली माणसे गप्प होती. आप्पांनी सांगितले होते असे म्हणावे, तर आपण हसलो होतो हेही सांगावे लागले असते.

आप्पा म्हणाले, "मी छापायला सांगितलं व्हतं."

"कुणाला?"

आप्पांनी नाव घेतले नाही. माझ्याकडे पाहिले. पोस्टाच्या खिडकीशी पासबुक आत सरकवून उभे राहिल्यावर ते जसे पाहत, तसे. घाई नाही, राग नाही. मागितले आहे, आता समोरचा देईल, एवढीच वाट पाहणे.

मी खाली बघितले.

कोणीतरी म्हणाले, "खोटं बोलतोय म्हातारा." सभा पुढे चालू झाली.

दुसऱ्या दिवशी पोस्टासमोरच्या दगडावर कोणीतरी शेण फासून ठेवले होते. आप्पांनी ते पाहिले आणि घरी परतले. पुन्हा त्या दगडावर ते बसले नाहीत. बाजाराच्या दिवशी तो धनगर येऊन त्यांची चौकशी करून गेला म्हणतात.

पेढीतून परत मिळालेली सगळी रक्कम घेऊन आप्पा नरसम्माकडे गेले होते, हे मला तिनेच नंतर सांगितले. तिने ती घेतली नाही.

"का ग?" मी विचारले.

"आप्पा सगळ्यांकडनं परत मागते. छत्री बी मागते. हे मात्र मागितले नसते. मला ठाऊक होते. मग ते कर्ज नाही, भीक झाले. मला माझा पैसा पाहिजे होता, दादा."

मला ती अजून दादा म्हणते.

त्या घरात राहणे मला जमेना. पंधरा दिवसांनी मी सामान बांधले. अनामत मागायचे धैर्य नव्हते, ती सोडून द्यायची असे ठरवले. दाराशी आलो तर आप्पा उभे. त्यांनी पिन काढली आणि पैसे माझ्या हातावर ठेवले.

"मी मागितली नव्हती, आप्पा."

"तुला भीड पडली असंल म्हनून आनली. मोज."

मला मोजता आले नाही. त्यांनी रिकाम्या खिशाला पिन पुन्हा लावली आणि म्हणाले, "माझं एक ऱ्हायलंय तुझ्याकडं. सवडीनं दे."

सवड मला झाली नाही. मी दुसऱ्या पेठेत राहायला गेलो, आणखी पत्रके लिहिली, पुष्कळांवर आग पाखडली. आप्पा थंडीत छातीच्या दुखण्याने गेले ते मला नरसम्माने छापखान्यात येऊन सांगितले तेव्हा कळले. त्यांच्या कोटाच्या खिशात पासबुक होते आणि शेवटच्या पहिल्या तारखेचा काढल्याचा शिक्का होता. दोन तारखेचा, परत भरल्याचा, नव्हता.

गेल्या आठवड्यात मी नरसम्माच्या घरी गेलो होतो. नवरा अजून कारखानदाराकडेच जातो. खोकला वाढला आहे. खोलीच्या मधोमध खड्डा होता तो तिने माती टाकून बुजवला आहे. वरून सारवते. तरीही त्या चौकोनातली जमीन आजूबाजूपेक्षा बोटभर खाली बसते. मी चुकून तिथे पाय ठेवला आणि ती म्हणाली, "जपून."

म्हणून आज हे छापतो आहे. आप्पांनी मागितलेले पत्रक हेच. त्यांनी पेढीचा तीन दिवसांचा उशीर ओळखला होता. माझा उशीर किती वर्षांचा झाला हे मी सांगत नाही. आप्पांनी वेळेवर सांगितले होते. छापायला मला सांगितले होते. सभेत ते खरे बोलले आणि मी खाली बघितले; त्यांचे नाव घेण्याचा हक्क तिथेच गेला. हे त्यांचे माझ्याकडे राहिले होते.

आता तुमच्याकडे एक मागणे. उद्या सकाळी, तुमचा पैसा जिथे असेल तिथे जा. पेढी परक्याची असो वा आपली, तिथला माणूस कितीही गोड बोलो, त्यातला थोडा परत मागा. हातात घ्या, घरी न्या, वाटल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा मागा. 'चार तारखेला या' म्हणाले तर घरी येऊन गप्प बसू नका, शेजारी सांगा. कोणी हसेल, हसू द्या. आणि तुमच्या गल्लीत पदरात पासबुक धरून "त्यांना वाईट वाटेल का" असे विचारणारी कोणी बाई असेल, तर तिला थांब म्हणू नका. चप्पल घाला आणि तिच्याबरोबर खिडकीपर्यंत जा.